जनुकं तीच, कारभार निराळा

(अचलपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



फुप्फुसाच्या कर्करोगावर बोला, असं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांच्या मनात तंबाखू सोडण्याचा उपदेश असावा. तो मी करणार आहे, पण थोडक्यात, कारण तो तुम्हाला पाठ आहे. मला आज वेगळ्या गोष्टीवर वेळ घालवायचा आहे. फुप्फुसात धूर जायला लागल्यापासून गाठ दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही दशकं जातात. एवढा काळ पेशीच्या आत काय चाललेलं असतं? रोग एवढी वर्षं का थांबतो, आणि मग थांबत का नाही? या प्रश्नाचं जे उत्तर मी विद्यार्थी असताना शिकलो ते अर्धंच होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुढे आला आहे.

सुरुवात संत्र्यापासून करतो. या सभागृहात निम्मे लोक तरी बागाईतदार असतील, किंवा त्यांच्या घरातले. आंबिया बहार घ्यायचा असला की तुम्ही डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडता. मृगासाठी उन्हाळ्यात तोडता. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळतात. ताण पुरेसा बसला असं जाणत्या माणसाच्या नजरेला पटलं की पाणी सोडता, आणि बाग पांढरीशुभ्र होते. झाड तेच, फांदी तीच, तिच्यातली जनुकं तीच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी लिंबूवर्गीय झाडांत मोजून पाहिलंय, की थंडी किंवा पाण्याचा ताण पडला की फुलोऱ्याचा संकेत देणारं एक ठरावीक जनुक पानांत जास्त जोमानं काम करू लागतं. म्हणजे वरूड-मोर्शीपासून परतवाड्यापर्यंतचा शेतकरी जनुकाच्या एकाही अक्षराला धक्का न लावता त्या जनुकाचं वागणं बदलतो, आणि त्यावर त्याचं वर्षाचं उत्पन्न उभं असतं.

याला जीवशास्त्रात जनुकांचं नियमन म्हणतात. कुठलं जनुक कुठल्या पेशीत, केव्हा, किती वेळ आणि किती जोरानं काम करेल, याचा कारभार. मला आज जे म्हणायचंय ते आत्ताच सांगून टाकतो. फुप्फुसाचा कर्करोग जनुकांतल्या चुकांमुळे होतो हे खरं आहे, पण त्या चुका पुष्कळदा निरुपद्रवी पडून असतात. त्यांना रोगापर्यंत नेतो तो बिघडलेला कारभार, आणि या कारभारात बाहेरची हवा, धूर, जखम, सूज या सगळ्यांना मत असतं.

फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली हा कारभार प्रथम नीट उलगडून दाखवला, आणि तोही आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूत. दुधातली साखर समोर आली की जिवाणू ती पचवणारी विकरं बनवतो, साखर नसली की बनवत नाही. जनुक कायम हजर असतं, फक्त त्याच्या सुरुवातीच्या जागेवर एक प्रथिन बसून वाट अडवतं. १९६५ साली त्यांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल मिळालं. जिवाणूचं हे साधं प्रकरण माणसात फारच गुंतागुंतीचं होतं. आपल्या प्रत्येक पेशीत जवळपास दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला आहे. प्रथिनं बनवणारी जनुकं त्यात सुमारे २०,००० आहेत आणि ती एकूण लांबीच्या दोन टक्क्यांच्या आत बसतात. उरलेल्यातला बराचसा भाग एकेकाळी निरुपयोगी समजला जाई. त्यातच या कारभाराची हजारो कचेऱ्या आहेत हे पुढे कळलं. डीएनएच्या घड्या कशा पडतात आणि कुठला दूरचा भाग कुणाच्या शेजारी आणून ठेवला जातो यावरही जनुकाचं काम ठरतं. या घड्या सांभाळणाऱ्या सॅटबी-१ या प्रथिनावर पुण्यात संजीव गलांडे यांच्या गटानं केलेलं काम जगभर वाचलं जातं. गलांडे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या वृत्तपत्रांत त्याची बातमी दोन बोटं होती, हेही नोंदवून ठेवतो.

आता फुप्फुसात जाऊ. दिवसाकाठी माणूस दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो. तिची रक्ताशी गाठ पडते ती वायुकोशांत. वायुकोशाच्या भिंतीत मुख्यतः दोन जातींच्या पेशी असतात. पहिली पातळ, पसरट, जिच्यातून प्राणवायू पार होतो. दुसरी ठेंगणी, घनाकृती. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून लागणारा स्राव ती तयार करते. शिवाय शेजारी कुठे इजा झाली तर विभाजन करून भगदाड बुजवायचं कामही तिचंच. एरवी ती विभाजनाच्या भानगडीत पडत नाही, आपला स्राव बनवत बसते. आज ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे त्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकाराचा उगम बहुतेकदा याच पेशीत असतो, म्हणून आजच्या व्याख्यानाची नायिका तीच.

ही पेशी स्वतःला फुप्फुसाची पेशी म्हणून कशी ओळखते? यकृताच्या पेशीतही हीच सगळी जनुकं आहेत. फुप्फुसात टीटीएफ-१ नावाचं एक नियामक प्रथिन असतं. ते डीएनएवर ठिकठिकाणी बसून फुप्फुसाची जनुकं चालू ठेवतं. (थायरॉइडमध्येही ते असतं, आणि नाव तिथूनच पडलंय.) तुमच्यापैकी कुणी नातेवाइकांचा बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेतला असेल तर त्यात ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह’ असं वाचलं असेल. हाडात किंवा मेंदूत सापडलेली गाठ मूळ फुप्फुसातली असावी, असा अंदाज आम्ही पॅथॉलॉजिस्ट त्यावरून बांधतो. पेशी बिघडली, घर सोडून पळाली, तरी फुप्फुसाची ओळख तिच्यावर राहते. गंमत म्हणजे, काही गाठींत टीटीएफ-१ च्या जनुकाच्या नकला वाढलेल्या असतात असं २००७ साली दिसलं. ज्या प्रथिनानं पेशीला शिस्त लावली त्याचाच गाठ आपल्या वाढीसाठी वापर करून घेते.

आता एका प्रश्नाकडे वळतो. विदर्भातल्या कुठल्याही कर्करोग विभागाच्या बाकावर तासभर बसलात तर तो कानावर पडतो. विचारणारी बहुधा पन्नाशी-साठीतली बाई असते. “म्या त कधी बिडीले हात नाही लावला डॉक्टरसाहेब, मंग मलेच हे काऊन झालं जी?”

तिचं म्हणणं खोटं नसतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ४८९ फुप्फुस कर्करोग रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून किंचित जास्त रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. हे एका रुग्णालयाचे आकडे आहेत. मुंबईपर्यंत पोहोचणारे रुग्ण आणि न पोहोचणारे यांत फरक असणार, हे मान्य. तरीही एवढ्यानं आपली एक सवय सुटायला हवी. फुप्फुसाचा कर्करोग म्हटलं की आपण आधी रुग्णाच्या खिशात बिडीबंडल शोधतो, आणि ते सापडलं नाही तर बाईच्या नवऱ्याच्या खिशात.

यातल्या बऱ्याच रुग्णांत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो. या जनुकापासून होणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतं. बदल झाला की निरोप न येताही ते कळवतच राहतं. २००४ साली अमेरिकेत हा बदल आणि त्यावर चालणारी गोळी यांचा संबंध लक्षात आला. टाटाच्याच अनुराधा चौगुले, कुमार प्रभाष आणि खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतले अमित दत्त यांच्या गटानं २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. २३ टक्क्यांत हा बदल होता. युरोपीय वंशाच्या लोकांत तो १०-१५ टक्क्यांत सापडतो, पूर्व आशियात याहून बराच जास्त. आपण मधे कुठेतरी.

इथपर्यंत गोष्ट अक्षरातल्या चुकीची आहे. तिला अनपेक्षित वळण मिळालं ते २०२३ साली. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं कर्करोग नसलेल्या फुप्फुस-ऊतींचे २९५ नमुने अतिशय बारकाईनं तपासले. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा, आणि ५३ टक्के नमुन्यांत केरास या दुसऱ्या जनुकाचा, कर्करोग घडवणारा बदल अगदी थोड्या पेशींत हजर होता! आणि तपासलेला फुप्फुसाचा तो भाग दिसायला अगदी निरोगी. वय वाढतं, पेशी विभागतात, चुका होतात, आणि त्या चुका घेऊन पेशी शांत बसून राहतात. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या छातीत आत्ता अशा काही पेशी असण्याची शक्यता आहे. घाबरू नका, त्यातल्या बहुतेक आयुष्यभर काही करत नाहीत.

मग करतात त्या का करतात? त्याच गटानं उंदरांना हवेतले सूक्ष्म कण दिले. या कणांना पीएम २.५ म्हणतात, वाहनांच्या धुरात ते भरपूर असतात. कणांनी डीएनएत नव्या चुका फारशा केल्या नाहीत. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी कण गिळायला धावल्या आणि त्यांनी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा सुजेचा संदेश सोडला. तो आपल्या नायिकेपर्यंत पोहोचला. इजा झाली आहे, दुरुस्तीला लाग, असा त्याचा अर्थ. स्राव बनवण्याची जनुकं मागे पडली, विभाजनाची पुढे आली. ज्या पेशीत ईजीएफआरचा बदल आधीच होता तिच्या बाबतीत ही दुरुस्ती थांबली नाही आणि गाठ झाली. इंटरल्यूकिनचा संदेश औषधानं अडवला तेव्हा गाठी कमी झाल्या.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४० च्या दशकात उंदरांच्या कातडीवर कर्करोगकारक रसायन एकदाच लावलं, तर काही झालं नाही. त्यानंतर कित्येक दिवस क्रोटनचं तेल चोळलं तर गाठी आल्या. क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा. त्याच्या तेलानं डीएनए बिघडत नाही, कातडीची आग होते, सूज येते. सुरुवात एकाची आणि चिथावणी दुसऱ्याची, असा हा दोन टप्प्यांचा सिद्धांत होता. पुढे जनुकांतल्या चुका वाचण्याचं तंत्र एवढं झपाट्यानं वाढलं की सगळ्यांचं लक्ष पहिल्या टप्प्यावरच खिळलं. जमालगोटा ऐंशी वर्षांनी परत आला तो धुळीच्या रूपात.

आता चूल. आपल्या भागात चुलीत पऱ्हाट्या जळतात, तुराट्या जळतात, गोवऱ्या जळतात, मेळघाटात लाकूड जळतं. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि घरोघर सिलिंडर दिसू लागला. पण भरलेला सिलिंडर चहापाण्याला आणि पाहुण्याला, भाकरी मात्र चुलीवर, असा हिशोब अजून पुष्कळ घरांत आहे, आणि तो पैशाचा हिशोब आहे, अडाणीपणाचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला आहे, आणि लाकूड-काटक्यांचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’. बाहेरची प्रदूषित हवा २०१३ पासून निश्चित यादीत आहे. चुलीच्या बाबतीतला हा ‘बहुधा’ मी मुद्दाम सांगितला. चूल हेच त्या बाईच्या रोगाचं कारण, असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पण धुरातले कण तेच, सफाईच्या पेशी त्याच आणि सुजेचा संदेश तोच. एवढ्यावर मी माझ्या घरात चूल ठेवणार नाही.

बिडीवाल्यांनी मात्र इथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. तंबाखूचा धूर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडतो. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे, कारण तीतही नियमन आधी येतं आणि चूक नंतर. धुरात बेन्झोपायरीन असतं. ते पेशीत शिरलं की एक पहारेकरी प्रथिन त्याला पकडून थेट केंद्रकात जातं आणि विषारी पदार्थांची विल्हेवाट लावणारी जनुकं चालू करतं. पेशी प्रामाणिकपणे आपलं कर्तव्य करते. विकरं तयार होतात, बेन्झोपायरीनवर प्रक्रिया होते, आणि त्या प्रक्रियेतच मूळ रसायनाहून कितीतरी जहाल पदार्थ निपजतो, जो डीएनएला चिकटतो. कुठे चिकटतो? कॅलिफोर्नियात १९९६ साली हे तपासलं गेलं. पेशीचा तोल सांभाळणारं पी-५३ नावाचं जनुक आहे. फुप्फुसाच्या गाठींत त्याच्या ज्या ठरावीक जागांवर वारंवार चुका सापडतात, नेमक्या त्याच जागांवर हा पदार्थ चिकटला. पुढच्या प्रयोगांत आणखी उलगडा झाला. डीएनएवर जिथे मिथाइलच्या खुणा असतात तिथे त्याचं चिकटणं वाढतं. या खुणा पेशीनं जनुकांच्या नियमनासाठी लावलेल्या असतात. म्हणजे घाव कुठे बसणार हेही पेशीच्या कारभारानं आधी ठरवून ठेवलेलं.

बिडीबद्दल एक गैरसमज आपल्याकडे फार आहे, की ती पानाची म्हणून सौम्य. मेळघाटातलं तेंदूपान सिगारेटच्या कागदासारखं धड जळत नाही. बिडी विझू नये म्हणून माणूस जास्त वेळा आणि जास्त जोरानं झुरका घेतो. मुंबईत दाराब जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही बिडी सिगारेटपेक्षा मवाळ ठरली नव्हती. खर्ऱ्याचं प्रकरण निराळं, तो तोंडाचा वैरी. आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाचं आणि तंबाखू चघळण्याचं नातं वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्यांनी पूर्वीच मांडलं होतं.

मिथाइलच्या खुणा म्हणालो, त्यांच्यावर थोडं थांबू, कारण माझ्या मते विषयाचं मर्म इथे आहे. जनुकाच्या सुरुवातीच्या जागेवर या खुणा दाटीनं बसल्या की ते जनुक बंद पडतं. पी-१६ नावाचं एक जनुक पेशीच्या विभाजनाला आवर घालतं. फुप्फुसाच्या कित्येक गाठींत या जनुकात एकही चूक सापडत नाही, आणि तरी त्याचं प्रथिन औषधालाही मिळत नाही. सातबाऱ्यावर शेत तुमच्या नावावर आहे, क्षेत्र बरोबर आहे, चतुःसीमा बरोबर आहेत, फक्त पेऱ्याच्या रकान्यात ‘पडीक’ लिहिलंय, तसा हा प्रकार. नुसती नावं तपासणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही, आणि वर्षानुवर्षं आम्हालाही दिसलं नाही. न्यू मेक्सिकोत स्टीव्हन बेलिन्स्की यांच्या गटानं १९९८ साली दाखवलं की पी-१६ चं हे पडीक होणं अगदी लवकर घडतं, गाठ होण्याच्या पुष्कळ आधी. २००० साली त्यांनी साठवून ठेवलेल्या थुंकीचे नमुने काढून तपासले. पी-१६ आणि एमजीएमटी या दोन जनुकांपैकी निदान एकावर तरी या खुणा होत्या, आणि त्या रोगाचं निदान होण्याच्या तीन वर्षं आधीच्या थुंकीतही दिसल्या.

तुम्ही म्हणाल, मग थुंकीची ही तपासणी गावोगाव का नाही? कारण खूप बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, पण कर्करोग न झालेल्या माणसांतही या खुणा सापडतात. खूण म्हणजे रोग नव्हे. शंभरांना घाबरवून दोघांना शोधणारी तपासणी चालत नाही. विज्ञानाच्या बातम्यांत पहिलं वाक्य छापून येतं, हे दुसरं येत नाही.

या खुणांचा दुसरा गुण असा की त्या पुसल्या जाऊ शकतात. अक्षराची चूक एकदा झाली की झाली. नियमनाच्या खुणा पेशी लावते तशी काढतेही. २०१६ साली १६ वेगवेगळ्या अभ्यासांतल्या सुमारे १६,००० लोकांचं रक्त तपासून एक मोठा निष्कर्ष आला. धूम्रपानानं ७,००० हून अधिक जनुकांवरच्या मिथाइलच्या खुणा बदललेल्या होत्या. सोडल्यावर पाच वर्षांत त्यातल्या बहुसंख्य मूळपदावर आल्या. काही मात्र तीस वर्षांनंतरही तशाच राहिल्या. रक्तावरून फुप्फुसाचं सगळं सांगता येत नाही, पण दिशा तीच आहे. सोडल्यानंतर दहाएक वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानानं, साधारण निम्म्यावर येतो हे आधीपासून माहीत होतं. “चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?” असं म्हणणाऱ्या आजोबांना मी हा अभ्यास सांगतो. तंबाखूचा उपदेश माझ्याकडून एवढाच.

नियमनाची आणखी एक तऱ्हा एका किड्यानं शिकवली. मातीत राहणारा, मिलिमीटरभर लांबीचा गोल कृमी. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना त्यात १९९३ साली एक अतिशय छोटा आरएनए सापडला, जो स्वतः प्रथिन बनवत नाही, दुसऱ्यांचे निरोप मधेच अडवतो. किड्याची ही चमत्कारिक लहर असावी असं समजून फार कुणी लक्ष दिलं नाही. २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ नावाचा दुसरा सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला. किड्यात लेट-७ नसला तर पेशी प्रौढ होत नाहीत आणि किडा मरतो. जपानमध्ये २००४ साली दिसलं की फुप्फुसाच्या ज्या गाठींत लेट-७ कमी, त्यांचे रुग्ण लवकर दगावतात. पुढच्याच वर्षी कारण कळलं. लेट-७ हा रास कुळातल्या जनुकांच्या निरोपांवर अंकुश ठेवतो, आणि मघाचं केरास याच कुळातलं. अंकुश सुटला की न बिघडलेलं जनुकही प्रमाणाबाहेर बोलू लागतं. अँब्रोस आणि रव्हकन यांना २०२४ साली नोबेल मिळालं, किड्याच्या लहरीनंतर एकतीस वर्षांनी.

आणखी एक शोध केवळ त्यातल्या विलक्षणपणासाठी सांगतो. मिक नावाचं वाढीचं जनुक अनेक कर्करोगांत माजतं, कारण त्याच्या नकला वाढतात. २०१६ साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या काही गाठींत दिसलं की मिकच्या नकला मुळीच वाढलेल्या नाहीत. वाढलेल्या आहेत त्या दूर अंतरावरच्या एका भागाच्या, जिथे कुठलंही जनुक नाही. तो भाग घडी पडून मिकच्या शेजारी येतो आणि त्याला चेतवतो. एकेकाळी ज्याला निरुपयोगी म्हटलं त्या डीएनएत रोगाचं कारण बसलेलं होतं.

हे सगळं रुग्णाच्या उपयोगी केव्हा पडतं? काही अंशी पडलंही आहे. ईजीएफआरचा बदल सापडला तर गोळी देता येते, आणि श्वास लागणारा माणूस दोन आठवड्यांत चालत फिरताना मी पाहिला आहे. पण गोळीचा अंमल टिकत नाही, आणि इथे पुन्हा नियमन आडवं येतं. हे कळलं ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून, आणि पेशी अशा वाढवण्याचं तंत्र भारतात रुजवलं ते एका मराठी बाईनं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात खानोलकरांच्या पाठबळावर त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. अशाच वाढवलेल्या फुप्फुस कर्करोगाच्या पेशींवर अमेरिकेत २०१० साली भरपूर मात्रेत औषध ओतलं गेलं. जवळजवळ सगळ्या मेल्या, मूठभर उरल्या. उरलेल्यांत नवी चूक शोधली तर नव्हती. त्यांनी डीएनएची गुंडाळी बदलून, कामं मंदावून, औषध अंगावरून जाऊ दिलं होतं. औषध थांबवून काही काळ वाढू दिलं तर त्यांची प्रजा पुन्हा औषधाला पूर्वीइतकीच बळी पडू लागली. याच उरलेल्यांतून पुढे खऱ्या चुकांच्या जोरावर न हटणारे वंश तयार होतात. काही थोड्या रुग्णांत तर गाठ आपली जातच बदलते, ॲडिनोकार्सिनोमाचा लघुपेशी कर्करोग होतो, आणि जुनी गोळी निरुपयोगी ठरते.

गोळीला केमोथेरपीची जोड दिली तर, असा विचार टाटाच्या डॉक्टरांनी केला. ३५० रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीचा निकाल २०२० साली आला. रोग पुन्हा वाढायला नुसत्या गोळीवर मध्यक आठ महिने लागले, दोन्ही मिळून सोळा. त्रासही वाढला, हे त्यांनी लपवलं नाही. गेफिटिनिब ही गोळी आणि केमोची जुनीच औषधं, स्वस्तातली, घेऊन हा प्रश्न मुंबईत विचारला गेला आणि जगानं त्याची दखल घेतली, याचं मला अप्रूप आहे.

नियमनाच्या खुणा पुसणारी थेट औषधंही आहेत. रक्ताच्या काही आजारांत ती चालतात. फुप्फुसाच्या गाठींत आतापर्यंत त्यांचा प्रभाव तुटपुंजाच आहे, कारण ती नको त्या जनुकांवरच्याही खुणा पुसतात. हे सांगायचं कारण वेगळं आहे. ‘जनुकं जागी करणारं’ चूर्ण, ‘डीएनए शुद्ध करणारा’ काढा अशा जाहिराती आता मोबाइलवर मराठीतून येतात. त्यातले शब्द आमच्या शास्त्रातून उचललेले असतात, बाकी काही नाही. मन प्रसन्न ठेवा, जरूर ठेवा, पण प्रसन्न मनानं पी-१६ वरच्या खुणा पुसल्या जातात असं म्हणणाऱ्याच्या हातात हजार रुपयेसुद्धा देऊ नका.

शेवटी आपल्या वऱ्हाडाकडे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं १९६८ साली कर्करोगानं निधन झालं, आणि नागपूरचं विभागीय कर्क रुग्णालय त्यांच्या नावानं उभं आहे. गाडगेबाबा शेणगावचे, इथून जवळचे. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटाला जाणारे किती वऱ्हाडी रुग्ण पथारी टाकून दिवस काढतात, हे अमरावतीहून रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्यांना ठाऊक आहे. एवढी नाती असूनही आपल्या भागात फुप्फुसाचा कर्करोग किती, कुणाला, कुठल्या प्रकारचा, हे नेमकं सांगणारी नोंद नाही. बार्शीला ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड आहेत, अमरावती-अकोला नाहीत. पऱ्हाटीच्या धुरात चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या बाईच्या पेशीत कुठल्या खुणा पडतात, हा प्रश्न लंडनला पडणार नाही. तो अमरावतीतच पडायला हवा, आणि इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी तो हाती घ्यावा इतका चांगला आहे.

तोवर दोन व्यवहाराच्या गोष्टी. क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो योग्यच आहे, कारण टीबी आपल्याकडे खूप आहे. पण थुंकीत जंतू सापडलेला नसताना टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत डाग कमी झाला नाही, वजन उतरतच गेलं, तर गोळ्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट पाहत बसू नका. सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह धरा. यात सहा-आठ महिने गेलेले रुग्ण आमच्या टेबलावर फार येतात.

दुसरं, बायोप्सी झाली की कागदाच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. त्या तुकड्याचा मेणात बसवलेला ब्लॉक असतो आणि काचेच्या स्लाइड असतात. टीटीएफ-१, ईजीएफआर, सगळं त्या ब्लॉकमधूनच तपासलं जातं. लोक फाइल घेऊन मुंबई गाठतात, तिथे ब्लॉक मागितला जातो, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीनं अमरावतीला निघतो. त्या खेपेत आठवडा जातो, आणि पुष्कळदा पुन्हा सुई टोचावी लागते. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून ब्लॉक मिळतो, तो रुग्णाचा हक्क आहे. नाव आणि नंबर तपासून घ्या, उन्हाच्या दिवसांत मेण वितळणार नाही अशा बेतानं डबीत ठेवा, आणि ती डबी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत न्या.